नबाती लोकांचं पाण्याचं गणित

पेट्रा या जुन्या शहराचा फोटो बघितला नाही असा माणूस विरळाच. जॉर्डनमधल्या गुलाबी डोंगरात कोरलेली ती अल-खझनेह नावाची इमारत, तिच्या वरच्या कलशात सोनं असणार म्हणून तिथल्या भटक्या बदू लोकांनी गोळ्या झाडल्या त्याच्या खुणा अजून आहेत आणि कलश निघाला भरीव दगड! पण हे कोरणारी जी नबाती नावाची अरब टोळी, तिचं डोकं बघायचं तर सीकच्या भिंतीकडे बघा. सीक म्हणजे आत जायची सव्वा किलोमीटरची चिंचोळी घळ. तिच्या कडेने पन्हळ कोरलेत, भाजलेल्या मातीचे पाइप एकात एक बसवलेत, ऐन मूसा झऱ्याचं पाणी गावात यायचं ते असं, आणि मधेमधे गाळ बसायला छोटी कुंडं पण आहेत.

मजा म्हणजे सुरुवातीला हे लोक घरंच बांधत नव्हते. डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार त्यांच्यावरच्या इ.स.पू. 312 च्या हल्ल्याबद्दल सांगताना लिहितो की घर बांधलं, धान्य पेरलं किंवा दारू प्यायली तर त्यांच्यात मृत्युदंड होता. वाळवंटात ते जमिनीखाली टाकी खोदायचे, तोंड एवढंसं आणि आत ऐसपैस, मग तोंड बंद करून फक्त आपल्याला कळेल अशी खूण ठेवायची. शत्रू मागे लागला की वाळवंटात पळायचं, तो तहानेने परत फिरणारच.

धूप आणि बोळ या सुगंधी डिंकांचा व्यापार याच पाण्यावर चालला, उंटांचे तांडे दक्षिण अरबस्तानातून गाझापर्यंत. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात पेट्राला जाणारी वाट आहे आणि आपलं कल्याण, पैठण, तेरसुद्धा आहे, म्हणजे जग तेव्हाही बऱ्यापैकी जोडलेलं होतं.

पुढे नेगेवमध्ये, म्हणजे आजच्या इस्रायलच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात, तर चक्क शेती केली, जिथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. तिथली लोएस माती, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली बारीक माती, भिजली की वरचा थर लगेच गच्च बसतो, पाणी मुरतच नाही, उतारावरून धावत सुटतं. ते बांध घालून खालच्या छोट्या शेतात अडवायचं, मोठ्या उताराचं पाणी एका तुकड्याला. 1950 च्या दशकाच्या शेवटी मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने अवदात इथे जुनं शेत दुरुस्त करून याच पद्धतीने पीक काढून दाखवलं.

इ.स. 106 मध्ये रोमन सम्राट ट्रेजनने राज्य रोमला जोडलं आणि कारभार त्यांच्या हातून गेला. लिपी मात्र चालत राहिली, आजची अरबी लिपी तिच्यातूनच आली असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पाण्याची त्यांना भीतीही होती, म्हणून सीकच्या तोंडाशी धरण बांधून पूर बोगद्यातून दुसरीकडे वळवला होता. ते धरण पडलं, बोगदा गाळाने भरला, आणि 1963 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सीकमध्ये 20 हून जास्त फ्रेंच पर्यटक दगावले. नंतर जॉर्डन सरकारने नवं धरण बांधलं ते त्याच जागी, आणि पाणी सोडलं ते नबाती लोकांच्याच बोगद्यात.