ठासणीची बंदूक

ठासणीची बंदूक : दारू, बोळा आणि गोळी किंवा छर्रे नळीच्या तोंडातून आत घालून, गजाने ठासून जी भरावी लागते ती बंदूक. भरण्याच्या या कृतीवरूनच तिला मराठीत हे नाव पडले. मागून उघडून काडतूस सरकवायची बंदूक आल्यावर तिला ‘काडतुसाची’ म्हणू लागले. कोकणात आजही परवान्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच असतो : ठासणीची की काडतुसाची? बार फुसका निघणे हा वाक्प्रचारही याच घरातला.

काडतुसात दारू किती, गोळी केवढी, हे कारखान्याने आधीच ठरवलेले असते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार भरणाऱ्याच्या हाताने नव्याने घडतो, आणि उडाल्यानंतर त्याने मागे ठेवलेली घाणही त्याच हातांनी काढावी लागते. त्यामुळे या बंदुकीची खरी विद्या नेम धरण्यात कमी आणि भरणे, धुणे, कोरडे ठेवणे यांत जास्त आहे. निम्मी नेमबाजी गोळी सुटण्याआधी होऊन गेलेली असते.

दारू आणि सर्दी

या बंदुकीत चालते ती काळी दारू. तिचे रूढ प्रमाण वजनाने 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असे आहे. सोरा ज्वलनाला प्राणवायू पुरवतो, कोळसा हे जळण आणि गंधकामुळे मिश्रण कमी उष्णतेत पेट घेते. हिंदुस्थान सोऱ्यासाठी जगभर प्रसिद्ध होता. बिहारमधील नोनिया लोक खारवट माती धुऊन, ते पाणी आटवून सोरा काढीत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत डच व इंग्रज व्यापारी तो पाटण्याहून जहाजे भरभरून युरोपात नेत. कोळसा हलक्या लाकडाचाच लागतो. युरोपात त्यासाठी विलोसारखी झाडे वापरली जात, तर इकडे तुरीच्या काड्या. आपल्याकडे ज्या तुराट्या चुलीत जातात त्यांचाच हा उपयोग.

तिन्ही पदार्थांची नुसती भुकटी चांगली चालत नाही. ती ठासली की घट्ट बसते आणि ज्वाळेला आत शिरायला वाट राहत नाही. म्हणून मिश्रण ओलसर असताना दाबून वड्या करतात, त्या फोडून चाळतात आणि दाणेदार दारू बनवतात. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा एकदम सगळीकडे पोहोचते. दाणा बारीक तितकी दारू लवकर जळते. रंजकेला, म्हणजे बाहेरून आग लावायच्या चिमूटभर दारूला, आणि पिस्तुलाला बारीक दाणा घेतात, रुंद नळीच्या बंदुकीला जाड.

या दारूचा मोठा दोष तिच्या राखेत आहे. जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक पदार्थ वायू न होता घनरूपच राहतात. त्यातला काही भाग पांढऱ्या धुराच्या लोटातून बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे त्यातले मुख्य घटक. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात. पुढे वर्णिलेल्या जवळजवळ प्रत्येक रीतीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

न उडालेल्या दारूलाही ओलावा तितकाच बाधतो. 23 जून 1757 रोजी प्लासीला भर दुपारी पाऊस आला. इंग्रजांनी आपला दारूगोळा ताडपत्र्यांनी झाकला, नवाबाच्या सैन्याची दारू भिजली, आणि त्याच्या तोफा थंडावल्या. मराठ्यांना हा धोका चांगला ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याबद्दल जे सांगितले आहे ते आजच्या हौशी नेमबाजानेही वाचावे असे आहे : दारूखाना घरांच्या लगत नसावा, दारूची मडकी माचावर ठेवावी, सर्दी पोहोचू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. सह्याद्रीचा पावसाळा अनुभवलेल्या माणसाची ही शिस्त आहे.

पेटवण्याच्या तऱ्हा

नळीच्या मुळाशी बारीक भोक असते, त्याला कान म्हणतात. बाहेरची आग कानातून आतल्या बारापर्यंत कशी पोहोचवायची, यावरून या बंदुकांचे तीन मोठे प्रकार पडतात.

सर्वांत जुनी तोड्याची बंदूक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, धुमसत ठेवायची. चाप ओढला की तिचे पेटते टोक कानाजवळच्या प्याल्यातील रंजकेवर टेकते. पोर्तुगीजांबरोबर ही बंदूक 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली आणि तिथे तिला त्या बेटाचेच नाव मिळाले. जपानी बंदुकीच्या चापाची घडण गोव्यात होणाऱ्या बंदुकांच्या घराण्यातली आहे, असे काही अभ्यासक मानतात. तोड्याची बंदूक घडवायला सोपी आणि दुरुस्तीला स्वस्त, म्हणून हिंदुस्थानात ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. मात्र जळता तोडा हातात, दारू कमरेला, आणि पावसात सगळेच निकामी.

सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये चकमकीची बंदूक आकाराला आली. चाप ओढल्यावर आपटणाऱ्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा कातड्यात गुंडाळून आवळलेला असतो. तो पोलादी पातीवर घासत खाली येतो, पाती मागे हटून प्याला उघडते आणि ठिणग्या रंजकेवर पडतात. इंग्रजांच्या पायदळाची ‘ब्राऊन बेस’ याच जातीची. तिची नळी सुमारे .75 इंच आणि गोळी सुमारे .69 इंच असे. हा फरक निष्काळजीपणाचा नव्हता. चार-सहा बारांनंतर नळीत साचलेल्या घाणीतूनही गोळी पटकन खाली उतरावी म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलेली होती, आणि त्याची किंमत नेमात मोजावी लागे. मराठी फौजेत कवायती गारदी आले ते या बंदुका घेऊन. 1761 साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी लढल्या. पुढे महादजी शिंद्यांच्या काळात त्यांचा युरोपीय सेनानी द बॉयन याने आग्र्याला तोफा व बंदुकांचे कारखाने उभे केले.

तिसरी केपाची. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप, निघाली. ती निपलावर, म्हणजे कानाशी बसवलेल्या बारीक पोकळ नळीवर, बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटायचा. प्याला गेला, उघडी रंजक गेली, पावसाची भीती बरीच ओसरली. कोकणातल्या घरांत दिसणारी ठासणीची बंदूक बहुधा हीच. 1853 च्या एनफिल्ड रायफलीलाही केपच लागे. तिची कागदी पुडी दातांनी फोडावी लागे आणि त्या पुडीच्या चरबीवरून 1857 साली काय पेटले ते सर्वांना ठाऊक आहे.

बार भरणे

भरण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या फडक्याने पुसून काढतात. मग बंदुकीचे तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ नेऊन नुसता केप उडवतात. पाते हलले तर निपलापासून तोंडापर्यंत वाट मोकळी आहे असे समजावे. हलले नाही तर कानात तेल किंवा घाण अडकली आहे, आणि दारू घालण्याआधी ती सुईने काढणे भाग आहे.

दारू ती साठवण्याच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतत नाहीत. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली तर हातातले अख्खे शिंग फुटते. म्हणून आधी मापात घ्यायची आणि मापातून ओतायची. छर्ऱ्याच्या बंदुकीत दारूवर कापडाचा, कागदाचा किंवा काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे आणि वर ते सांडू नयेत म्हणून पातळ बोळा. रायफलीत मात्र मऊ शिशाची गोल गोळी मेणचरबी लावलेल्या सुती चिंधीत धरून ठासतात. आट्यांमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या वळत जाणाऱ्या खाचांमध्ये, घट्ट बसते ती चिंधी. तीच गोळीला फिरकी देते आणि वायू पुढे निसटू देत नाही.

गोळी दारूला टेकली पाहिजे, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. मध्ये पोकळी राहिली तर नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. म्हणून गजावर दोन खुणा करतात : रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची एक, आणि नेहमीच्या बारावर कुठवर जातो त्याची दुसरी. दुसरी खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी अडली आहे किंवा बार दोनदा भरला गेला आहे. ठासताना अंग नळीच्या तोंडावर कधीच झुकवायचे नाही, आणि केप लावायचा तो तोंड निशाणाकडे वळल्यावरच, सर्वांत शेवटी. चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक किमान मिनिटभर तशीच निशाणाकडे धरून ठेवतात. आत धुमसणारी दारू उशिरानेही पेटू शकते.

धूरविरहित दारू 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बनवली. ती ठासणीच्या बंदुकीत घालणे म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याशेजारी स्फोट घडवणे. तिचा दाब या नळ्यांच्या सहनशक्तीपलीकडचा असतो आणि इथे चिमूटभराचीही सवलत नाही.

बंदुकीची जुळवाजुळव करण्यात या छंदाचा खरा रस आहे. एकाच साच्याच्या दोन रायफलींना सारखा बार मानवेल असे नाही. थोडी थोडी दारू वाढवत, प्रत्येक मापाला पाच-पाच गोळ्या झाडून छिद्रे कुठे गोळा होतात ते पाहावे लागते. समोर पडलेली चिंधी उचलून वाचणे हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. ती मध्येच जळून भोके पडली असतील तर चिंधी पातळ आहे किंवा मेणचरबी अपुरी आहे. धारदार कापल्यासारखी फाटली असेल तर नळीच्या तोंडाची किंवा आट्यांची कड बोचते आहे. नुसती काळवंडून, कडेने झालर सुटून शाबूत राहिली असेल तर बार जमला.

धुणे

उडवलेली ठासणीची बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते. दमट हवेत एका रात्रीत नळी तांबूस होते. ही घाण पाण्यात विरघळणारी असल्याने महागड्या रसायनांची गरज नाही, गरम पाणी पुरते. निपल काढून ठेवतात, नळी सुटणारी असेल तर तिचे मूळ बादलीत बुडवतात आणि गजाला घट्ट फडके बांधून पिचकारीसारखे वरखाली करतात. पहिले पाणी काळेकुट्ट आणि सडक्या अंड्याच्या वासाचे येते, तो वास सल्फाइडचा. पाणी नितळ येईपर्यंत बदलत राहायचे, मग कोरडी फडकी आणि शेवटी तेलाचा पातळ हात. निपलाच्या आट्यांना थोडे ग्रीस लावले नाही तर पुढच्या वेळी तो निघत नाही. काळ्या दारूच्या घाणीशी खनिज तेल मिसळले की डांबरासारखा चिकटा होतो, म्हणून चिंधीला मेण आणि वनस्पती तेल किंवा प्राणिज चरबी वापरतात.

काम इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी पांढरे फडके पुन्हा नळीतून फिरवावे. त्यावर तपकिरी डाग दिसला तर क्षार राहिले आहेत, पुन्हा धुणे आले. पावसाळ्यात ही तपासणी दर आठवड्याला केलेली बरी. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल पुरते.

आजची नेमबाजी आणि कायदा

अमेरिकेत 1933 साली ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या छोट्या गावात तिचे सामने भरतात. इटलीतील ब्रेशिया परिसरात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून पेडरसोली, उबेर्ती यांसारखे कारखाने जुन्या नमुन्यांच्या नव्या प्रतिकृती बनवू लागले, आणि पुराणवस्तू न झिजवता हा खेळ खेळता येऊ लागला. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय समिती 1971 पासून काम करते. तिच्या सामन्यांत साधारणपणे अर्ध्या तासात तेरा गोळ्या झाडायच्या आणि उत्तम दहा धरायच्या असतात. मूळ बंदुका आणि प्रतिकृती यांचे गट वेगळे. तोड्याच्या बंदुकीचे दोन सामने जपानी नावांनी ओळखले जातात : उभ्याने तानेगाशिमा आणि गुडघा टेकून हिझादाई.

भारतात ही बंदूक खेळापेक्षा शेतीशी जोडलेली राहिली. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांकडच्या बंदुका बहुतांशी या कारणासाठीच्या. रानडुकरे आणि वानर यांच्यापुढे भाताचा तुकडा राखणाऱ्या माणसाची गरज या तरतुदीने ओळखली, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. पण हा परवाना शिकारीचा नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून वन्य प्राणी मारणे हा गुन्हाच आहे. दारू बाळगण्यालाही नियम आहेत. शेजारच्या कर्नाटकातील कोडगूमधल्या कोडव समाजाला बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे, आणि कैलपोळ्द या सणाला ते बंदुकांची पूजा करतात.

दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रांना याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात मोकळीक आहे. मात्र चालू शकते की नाही हे घरबसल्या ठरवू नये, पोलीस ठाण्यात दाखवावे. माळ्यावर किंवा खुंटीवर पणजोबांची बंदूक सापडली तर तिला पॉलिश पेपर लावण्याची घाई नको. नळीवरचा जुना करडा-तपकिरी रंग हेच तिचे वय आहे. त्याहून तातडीचे काम वेगळे आहे. अशा बंदुका पिढ्यान्पिढ्या भरलेल्या राहतात, आणि कोरड्या जागेतली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. घोड्याला हात न लावता, तोंड कोणाकडेही न वळवता, एक लाकडी काठी नळीत अलगद सोडावी, तोंडापाशी खूण करावी आणि ती बाहेरून नळीशी लावून पाहावी. काठी कानापर्यंत पोहोचत नसेल तर आत बार आहे असेच धरावे आणि तो काढायला जाणकार बोलवावा.