हलूमी: सायप्रसचं न वितळणारं चीज

तव्यावर टाकलं की चीज वितळतं. सायप्रस बेटावरचं हलूमी मात्र जागचं हलत नाही. कडेने तांबूस होतं आणि दाताखाली करकरतं. म्हणून आपल्याकडे त्याला सरसकट ‘सायप्रसचं पनीर’ म्हणून टाकतात, पण ते अर्धंच खरं. पनीरसाठी आपण लिंबू पिळून दूध फाडतो. हलूमीचं दूध रेनेट (दूध गोठवणारं विरजणासारखं द्रव्य) घालून गोठवतात, आंबवत नाहीत. गोठलेल्या दुधाच्या वड्या दाबून घेतात. उरलेली निवळी तापवली की वर मऊ गोळे तरंगतात, ते अनारी म्हणून वेगळे काढतात. मग त्याच निवळीत वड्या सोडून नव्वद अंशांच्या वर निदान अर्धा तास शिजवतात. न वितळण्याचं एक गुपित यात आहे. वडी गरम आहे तोवर मीठ आणि पुदिना भुरभुरून ती वहीसारखी मधोमध दुमडायची. चांगल्या हलूमीच्या घडीत पुदिन्याचं पान चिकटलेलं दिसतंच.

हे बायकांच्या हातचं काम. दोन-चार शेळ्यांच्या दुधात घाणा निघत नाही, म्हणून शेजारणी दूध एकत्र करायच्या: या खेपेला सगळं दूध एकीकडे, पुढच्या खेपेला दुसरीकडे. दुधाची भिशीच म्हणा ना. घडे भरून खारवलेलं हलूमी वर्षभर पुरायचं.

कागदोपत्री मात्र ते उशिरा येतं. त्याच बेटावरच्या कमांडारिया या गोड वाइनचं तसं नाही. वेलीवरून उतरवलेली द्राक्षं उन्हात सुकवून केलेली ही वाइन तेराव्या शतकातच युरोपात गाजली होती, आणि तिचं नावही कोलोसीच्या किल्ल्यातून जहागीर चालवणाऱ्या धर्मयोद्ध्यांच्या ‘कमांडरी’वरून पडलं. वाइनवर जहागीरदाराचा पैसा होता, तिची नोंद होणारच. हलूमीचा उल्लेख सापडतो तो १५५४ च्या सुमारास, व्हेनिसची सत्ता असताना, इतिहासकार फ्लोरिओ बुस्त्रोन याच्या लिखाणात, ‘कालुमी’ म्हणून. नावाचं मूळ इजिप्तच्या कॉप्टिक भाषेत शोधतात. घराघरांतला चुलीवरचा पदार्थ याच्या कितीतरी आधीचा असणार, असं मला वाटतं.

१५७१ मध्ये ऑटोमन आले, १८७८ मध्ये इंग्रज. ग्रीक बोलणारे ‘हलूमी’ म्हणत, तुर्की बोलणारे ‘हेलिम’, पदार्थ एकच. १९७४ मध्ये बेट दुभंगलं, ग्रीक दक्षिणेत आणि तुर्की उत्तरेत, तेव्हा दक्षिणेत ‘तुर्की कॉफी’चंही नाव बदललं (कॉफी तीच, भांडंही तेच). चीजला दोन नावं आधीपासूनच होती.

पूर्वी गाय या गोष्टीत फारशी नव्हती. कोरड्या डोंगराळ बेटावर शेळ्या-मेंढ्याच तगतात, गाय-बैल नांगराला. विसाव्या शतकात जास्त दूध देणाऱ्या गायी आल्या, कारखाने निघाले, निर्यात वाढली आणि हलूमीत गायीचं दूध भरपूर पडू लागलं. १९८५ च्या सरकारी मानकाने त्याला मुभाही दिली.

पैसा आला तसा नावाचा प्रश्न आला. हलूमी हे नाव सायप्रसपुरतं राखावं, असा अर्ज युरोपीय संघाकडे २०१४ मध्ये गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये मान्य झाला, ‘हलूमी’ आणि ‘हेलिम’ या दोन्ही नावांसाठी. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ब्रिटनमधला नावावरचा हक्क सायप्रसने गमावला होता. कारण त्या हक्काविरुद्धच्या अर्जाला उत्तर मुदतीत गेलं नाही. इतक्या शतकांची परंपरा, आणि अडलं कुठे, तर तारखेत!

नव्या नियमात शेळी-मेंढीचं दूध निम्म्याहून जास्त हवं. मेंढपाळ खूश, गायवाले नाराज. तेवढं दूध आणायचं कुठून, म्हणून २०२४ पर्यंत सूट दिली होती. तीही पुढे वाढवावी लागली. त्यात ऋतूची अडचण निराळीच. शेळ्या-मेंढ्यांना दूध भरपूर असतं ते हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात. हलूमीला मागणी असते ऐन उन्हाळ्यात, जेव्हा सायप्रसमध्ये घरोघरी थंडगार कलिंगडाच्या फोडीसोबत त्याची एक जाड चकती वाढतात.