एकाकी अरण्यवास

एकाकी अरण्यवास : तरुण वयात घर, शिक्षण, नोकरी सोडून, बहुधा कुणालाही न सांगता, एकट्यानेच निर्मनुष्य प्रदेशात राहायला जाणे. या प्रकाराची चर्चा अमेरिकेत विशेष झाली. लेखक हेन्री डेव्हिड थोरो हा तिथला मूळपुरुष. १८४५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला. आईचे घर मात्र चालत जाण्याइतके जवळ होते आणि तो तिकडे जातही असे.

सर्वांत जास्त वाद झाला तो क्रिस मॅककँडलेस (१९६८–९२) याच्यावरून. १९९० मध्ये पदवी मिळताच त्याने शिलकीतले सुमारे २४,००० डॉलर दान केले, पुढे ॲरिझोनात मोटार सोडून दिली, उरलेल्या नोटा जाळल्या आणि नाव बदलले. पैशाचा तिटकारा, थोरो-टॉलस्टॉयचे वाचन ही कारणे उघड आहेत. पण वडिलांनी काही वर्षे दोन संसार चालवले होते, हे त्याला कॉलेजात जाण्याआधीच कळले होते. तो समाजावर रुसला होता की घरावर, हे ठरवताना ही गोष्ट वगळता येत नाही.

एप्रिल १९९२ मध्ये साडेचार किलो तांदूळ, हलकी रायफल आणि पुस्तके घेऊन तो अलास्काच्या रानात शिरला व १४२ क्रमांकाच्या एका टाकून दिलेल्या बसमध्ये राहिला. जूनमध्ये त्याने मूस (एक प्रचंड हरीण) मारला, पण मांस टिकवायचे कसे ते जमले नाही. त्यात अळ्या पडल्या. जुलैच्या सुरुवातीला तो परत निघालाही होता. येताना सहज ओलांडलेली टेकलानिका नदी आता दुथडी भरून वाहत होती. थोडे खाली नदीवर तारेवरून सरकणारा पाळणा होता. धड नकाशा जवळ नसल्याने त्याला तो माहीत नव्हता. ऑगस्टमध्ये तो उपासमारीने मेला. मरायलाच गेला होता, हे मत या परतीच्या प्रयत्नापुढे टिकत नाही.

हेतू नेहमी एवढाही हाती लागत नाही. चित्रकार एव्हरेट रुएस निसर्गसौंदर्याच्या ओढीने दोन गाढवे घेऊन भटके. १९३४ मध्ये, विसाव्या वर्षी, तो युटाच्या दऱ्यांत नाहीसा झाला. क्रिस्टोफर नाइट १९८६ मध्ये त्याच वयात मेन राज्यातल्या जंगलात गेला आणि सत्तावीस वर्षे राहिला, तेही आसपासच्या रिकाम्या घरांतले अन्न चोरून. धूर दिसेल म्हणून कडाक्याच्या थंडीतही त्याने शेकोटी पेटवली नाही. का गेलास, याचे उत्तर त्यालाही देता आले नाही.

मराठी वाचकाला इथे ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळालेले रामदास आठवतील. मात्र परंपरेनुसार टाकळीच्या तपश्चर्येत ते माधुकरी मागत. संसार सोडणाऱ्याला भिक्षा घालण्याची रीत आपल्याकडे रुळलेली होती. मॅककँडलेसच्या मागे असे काही नव्हते.

त्याची बस पुढे तरुणांचे तीर्थक्षेत्रच झाली. तिथल्या वाटेवर २०१० आणि २०१९ मध्ये दोन तरुणी टेकलानिकात बुडाल्या. २०२० च्या जूनमध्ये बस हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आली.