सोलापुरातून ग्राफिक डिझाइनच्या पदवीला जायचं असेल तर: पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रं

ग्राफिक डिझायनर व्हायचंय म्हटलं की सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो कोरल-फोटोशॉपच्या क्लासचा. क्लास जरूर करावा, छापखान्यात किंवा फ्लेक्सच्या दुकानात त्यावर काम मिळतं. पण पदवीच्या प्रवेशाला त्याचा उपयोग नाही. तिथे हात बघितला जातो, आणि कागदपत्रं वेळेत आहेत का ते बघितलं जातं.

आपल्या राज्यात या शिक्षणाची मुख्य वाट म्हणजे उपयोजित कलेची, म्हणजे अप्लाइड आर्टची, चार वर्षांची बी.एफ.ए. पदवी. हे शिक्षण स्टुडिओत होतं. विषय मिळतो, कच्ची स्केचेस टेबलावर मांडली जातात, सर किंवा मॅडम सगळ्यांसमोर त्यावर बोलतात आणि पुन्हा करायला लावतात. टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी, पॅकेजिंग, जाहिरात मोहीम, सगळं असंच शिकायचं. वर्षभराच्या सबमिशनला मार्क असतात, त्यामुळे नाव एका कॉलेजात आणि मुलगा गावाकडे, हे इथे चालत नाही. पुणे, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला राहण्याची तयारी घरच्यांनी आधीच ठेवावी.

प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची एमएएच-एएसी सीईटी, म्हणजे कला पदवीची राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, विज्ञानच हवं असं नाही. खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४० टक्के गुण लागतात. बारावीला बसलेले विद्यार्थीही अर्ज करू शकतात. नोंदणी ऑनलाइन असते आणि परीक्षेच्या काही महिने आधीच सुरू होते, म्हणून बारावीच्या दिवाळीनंतर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. निकालानंतर जागे झालात तर वर्ष गेलं.

परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलाविषयक सामान्य ज्ञान असे चार भाग असतात. पहिले तीन म्हणजे इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचीच पुढची पायरी, त्यामुळे शाळेत ती परीक्षा मनापासून दिलेल्याला इथे फायदा होतो. स्मरणचित्राला घरी बसून केलेली नक्कल कामाला येत नाही. वही घेऊन मंगळवार बाजारात उभे राहा, जानेवारीत गड्डा यात्रेतले पाळणे आणि गर्दी काढा. भाजीची पाटी उचलताना बाईचा खांदा कुठे झुकतो, हे एकदा हाताने काढलं की परीक्षेत आठवतं. संकल्पचित्रासाठी तर आपल्याकडे घरातच धडा आहे. सोलापुरी चादरीची किनार, एकच नक्षी किती वेळा आणि किती अंतराने फिरते, ते बघून उतरवा. सामान्य ज्ञानाची तयारीही जवळून सुरू करा: चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ साली आपल्याच पंढरपूरचा, आणि त्यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवली.

आता कागदपत्रं. मुलांचं नुकसान सर्वात जास्त इथेच होतं. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही आणि असल्यास इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र, इतकं घरात असतं. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढावं लागतं. दहावी किंवा बारावी विजयपूर, कलबुर्गीकडे झाली असेल तर ते आधी काढा.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. वैधतेच्या अर्जावर कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का लागतो, म्हणून बारावीचं वर्ष सुरू होताच कॉलेजच्या ऑफिसात जा. पुरावा जुना हवा: ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांच्या आधीचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांची खरी अडचण इथे येते. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले, त्यांचा कागद सापडत नाही. अशा वेळी आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्यापैकी जे कोणी सोलापुरात शाळेत गेले असतील, त्यांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा मागा. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं असेल तर ते अर्जाआधी नीट करून घ्या.

विमुक्त-भटके, ओबीसी, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअरही लागतं, तेही प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजू नका. कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी असते. त्यात कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग कॉलेजांचा पसंतीक्रम असा क्रम असतो. पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, शेजारी बसून स्वतः भरा. कॅपमधून प्रवेश घेतल्यास महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं त्यासाठी तयार ठेवा.

ज्यांना राज्याबाहेरही प्रयत्न करायचाय त्यांच्यासाठी अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट आणि आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, या डिझाइन पदवीच्या दोन प्रवेश परीक्षा आहेत. दोन्हींना कोणत्याही शाखेची बारावी चालते. एनआयडीच्या मुख्य फेरीत स्टुडिओ टेस्ट असते, समोर बसून वस्तू घडवावी लागते. यूसीडमध्ये चित्र काढण्याचा भाग वेगळा असतो. या परीक्षांना ओबीसी विद्यार्थ्यांचा राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर लागतं. सेतूत अर्ज देतानाच 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते त्याआधी तपासा.