थेंब बुडाला, पण पेव रिकामं

रक्तदान शिबिरात नाव लिहून घेणाऱ्या टेबलाच्या कडेला निळ्या पाण्याची एक बरणी असते. तासगावकडच्या माणसाला तो रंग लगेच ओळखू येतो. द्राक्षबागेवर बोर्डो मारताना जे मोरचूद वापरतात, त्याचंच ते द्रावण. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. थेंब पृष्ठभागाखाली क्षणभर घुटमळतो आणि मग सरळ तळाशी निघाला तर ‘चला, आडवे व्हा’. तरंगत राहिला तर ‘पुढच्या वेळी बघू’. द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ राखलेलं असतं. हिमोग्लोबिन डेसिलीटरला १२.५ ग्रॅमच्या वर असेल तरच थेंब बुडण्याइतका जड भरतो. इतकी स्वस्त आणि इतकी हुशार चाचणी दुसरी क्वचितच असेल.

सांगलीत गेली सहा-सात वर्षं मी दर तीन महिन्यांनी रक्त देत आलो. माझा थेंब कधी तरंगला नाही. त्याचा थोडा माजही होता. मग गेल्या उन्हाळ्यात घरचे दोन जिने चढताना मध्येच कठड्याला धरून उभं राहायची वेळ आली. बायको म्हणाली, वय झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन १३.४, म्हणजे पुरुषांसाठीच्या १३ च्या रेषेच्या वरच. पण त्यांनी फेरिटिन ही अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणीही करायला लावली होती. फेरिटिन आलं ९, मिलीलीटरला नॅनोग्रॅम. निरोगी माणसात १५ च्या खाली गेलं की लोहाचा साठा संपला, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच सावध होतात.

हा प्रकार समजून घ्यायला सांगलीकराला लांब जायला नको. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं होती. वर माणूस उतरेल एवढं तोंड, आत मोठी पोकळी. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेवाचं वैशिष्ट्य असं, की आत किती माल उरलाय हे वरून कळत नाही. बाजारात हळद येत राहते तोवर पेव भरलेलंच आहे असं आपण धरून चालतो. ‘पेव फुटलं’ असं आपण ऊठसूट म्हणतो, ‘पेव आटलं’ असं कुणी म्हणत नाही.

हिमोग्लोबिन म्हणजे बाजारातला माल. फेरिटिन हे साठवणीचं प्रथिन. चोवीस तुकड्यांची एक पोकळ डबी, आणि तिच्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. अशा डब्या मुख्यतः यकृतात, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत असतात. त्यातलं थोडं फेरिटिन रक्तात झिरपतं आणि त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. रक्तातलं मिलीलीटरमागे एक नॅनोग्रॅम म्हणजे साठ्यातलं साधारण ८ ते १० मिलीग्रॅम लोह. माझ्या ९ चा अर्थ शंभर मिलीग्रॅमसुद्धा शिल्लक नाही. पाठ्यपुस्तकात पुरुषाच्या साठ्याचा आकडा १,००० च्या आसपास दिलेला असतो.

शरीर लोहाच्या बाबतीत कमालीचं चिकट आहे. अंगात एकूण लोह तीन-चार ग्रॅम, म्हणजे दोन छोट्या खिळ्यांएवढं. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी १२० दिवस जगते. मेली की तिच्यातलं लोह काढून नवीन पेशीत घालतात. रोज वीस-पंचवीस मिलीग्रॅम लोह असं आतल्या आत फिरतं. बाहेर जातं ते फक्त एक-दोन मिलीग्रॅम, झडणाऱ्या कातडीतून आणि आतड्याच्या अस्तरातून. तेवढंच जेवणातून आत येतं. जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाहीच. मॅकन्स आणि विडोसन या ब्रिटिश संशोधकांनी १९३७ मध्ये हे दाखवलं. म्हणजे सगळा हिशेब आत घेण्याच्या दारावर सांभाळायचा. त्या दाराची किल्ली कुणाकडे, हे कळायला मात्र २००० नंतरची वर्षं उजाडली. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्याचं दार बंद होतं. साठा आटला की ते खाली येतं आणि दार सताड उघडतं.

आता रक्तदानाचा हिशेब. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलीग्रॅम लोह. ३५० मिलीलीटरच्या पिशवीतून, हिमोग्लोबिन १४ धरलं तर, सुमारे १६५ मिलीग्रॅम लोह जातं. वर्षाला चार पिशव्या म्हणजे ६६० मिलीग्रॅम, दिवसाला १.८. नेहमीची झीज वेगळीच. दार सताड उघडं ठेवलं तरी आपल्या ताटातून एवढं आत येणं अवघड. हिमोग्लोबिन मात्र शरीर आधी भरून काढतं, साठ्यातून उचलून. म्हणून थेंब बुडतच राहतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लोहाची गोळी न घेतलेल्या रक्तदात्यांपैकी ६७ टक्के जणांचा साठा २४ आठवड्यांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. आपल्याकडे पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परवानगी आहे.

बायकांचं पेव मुळात लहान, तीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, आणि त्याला दर महिन्याला गळती. म्हणून आपल्याकडच्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ मिलीग्रॅम लोह आणि बाईला २९. हिमोग्लोबिन बारा-साडेबारा असलेली बाई ‘दमते’ म्हणाली, की तिला आळशी ठरवायला घरातले सगळे तयार असतात. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रक्तक्षय नसलेल्या, पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या दमलेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या दिल्या. थकवा ४८ टक्क्यांनी उतरला. खोट्या गोळीनंही तो २९ टक्क्यांनी उतरला, हेही सांगितलं पाहिजे. बर्फ चघळायची किंवा पाटीवरची पेन्सिल खायची ओढ, रात्री पायांची तगमग, ही याच कुटुंबातली लक्षणं.

‘गूळ-शेंगदाणे खा’ हा सल्ला मला पहिल्याच दिवशी तीन जणांनी दिला. सांगलीत राहून गुळाला नावं ठेवणं जिवावर येतं, पण शंभर ग्रॅम गुळात लोह चार-पाच मिलीग्रॅम. खड्याएवढ्या तुकड्यातून येणार किती आणि त्यातलं आतड्यातून आत जाणार किती? बाजरी बरी, शंभर ग्रॅमला सहाच्या वर, पण धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते लोह धरून ठेवतं. त्यावर लिंबू पिळणं, सोबत पेरू किंवा आवळा, याचा खरा उपयोग होतो. जेवणाबरोबरचा चहा त्याच्या नेमका उलट. शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. चहा तासभर मागं ढकलला तरी बरंच साधतं.

पेव आटलेलं असेल तर मात्र नुसत्या जेवणानं भरत नाही, गोळी लागतेच. इथं हेप्सिडिन पुन्हा आडवं येतं. गोळी घेतली की ते वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी अर्धवट वाया जाते. २०१७ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी ६० मिलीग्रॅमची गोळी रोज आणि एक दिवसाआड देऊन मोजलं. रोजच्या गोळीतलं १६ टक्के शोषलं गेलं, दिवसाआडच्या गोळीतलं २२. मला डॉक्टरांनी दिवसाआडच दिली.

त्याआधी त्यांनी पोटाची चौकशी मात्र बारकाईनं केली: शौचाचा रंग, मूळव्याध, वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत साठा आटला, तर आतड्यात कुठं रक्त झिरपतंय का, हे बघावंच लागतं. माझ्याकडे पिशव्यांचा हिशेब होता म्हणून उत्तर सोपं निघालं. उलट ताप किंवा सूज असताना फेरिटिन उगाच फुगतं आणि रिकामं पेवही भरलेलं दिसतं. म्हणून सर्दी-तापात ही तपासणी करू नये.

पाच महिन्यांनी माझं फेरिटिन ४१ आलं. आता वर्षातून दोनदाच रक्त देतो. मधल्या शिबिरांत टेबलामागं बसतो आणि निळ्या बरणीत थेंब सोडायचं काम करतो. तरंगला तर देणाऱ्याचं तोंड उतरतं. बुडाला तर मी विचारतो, याआधी कधी दिलं होतं? पाठोपाठ त्याच्या हातात चहा-बिस्किटं येतात. त्या चहानं काही बिघडत नाही. बिस्किटात अडवण्यासारखं लोह असतंच कुठं!