नाव ऐकू येतं, पण कुठून?

‘देव डोळे घेतो तेव्हा कान देतो’ हे वाक्य आपल्याकडे फार कौतुकाने म्हटलं जातं. कान कुणी देत नाही. सरावाने अंध माणसाचा मेंदू त्याच आवाजातून जास्त माहिती काढायला शिकतो, एवढंच. आणि कितीही सराव केला तरी गप्प बसलेला माणूस ऐकू येत नाही. टेबलाभोवती चौघं आहेत की तिघं, आपल्याकडे बघतंय कोण, हे कळणार कसं?

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ‘प्रोजेक्ट टोकियो’मध्ये होलोलेन्स या डोक्यावर घालायच्या यंत्राची भिंगं काढून टाकली आणि कॅमेरे ठेवले. समोरचा चेहरा नोंदवलेला असेल तर यंत्र त्याचं नाव कानात सांगतं. नुसतं सांगत नाही, तो माणूस जिथे बसलाय तिथूनच नाव आल्यासारखं वाटतं. मला भुरळ पडली ती याची.

आवाज कुठून आला, हे मुळात कळतं कसं? उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आणि डोकं वीतभर रुंद. म्हणजे हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. मेंदू त्याहूनही कितीतरी बारीक फरक ओळखतो. साधारण १५०० हर्ट्झच्या वरच्या स्वरांना ही युक्ती नीट चालत नाही. तिथे डोक्याच्या आडोशामुळे पलीकडच्या कानात आवाज क्षीण होतो, तो फरक कामी येतो. तरी एक पेच उरतो. उजवीकडे पुढे ३० अंशांवरचा आवाज आणि तितकाच मागचा आवाज, दोघांचा उशीर जवळपास सारखाच! तो सोडवतात कानाच्या पाळीच्या वळ्या, कारण त्या काही स्वर दाबतात, काही उठवतात. शिवाय आपण मान वळवतो. म्हणूनच यंत्रालाही मानेची हालचाल क्षणोक्षणी मोजून आवाज उलट दिशेला सरकवावा लागतो. नाहीतर मान वळेल तसा बिचारा शेजारीही खोलीभर फिरेल.

‘एआयने अंधांना डोळे दिले’ छापाचे मथळे मात्र वाचवत नाहीत. हे यंत्र दृष्टी देत नाही. वळायचं कुठे, ते सांगतं.

कॅमेऱ्यांवर दिव्यांची एक पट्टी असते. सर्वांत जवळच्या माणसाच्या दिशेने पांढरा दिवा सरकतो. वापरणाऱ्याला त्याची ओळख सांगून झाली की तो हिरवा होतो. म्हणजे आपल्याला ओळखलं गेलंय, हे समोरच्यालाही कळतं. ज्याचा चेहरा नोंदवलेला नाही, त्याचं नाव यंत्र सांगत नाही. त्याने आपलं नाव आपणच सांगायचं.