दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी

बाळाला गाईचं दूध सोसत नाही असं कळलं की घरातलं कुणी ना कुणी सांगतंच, "शेळीचं देऊन बघा, हलकं असतं." सल्ला मायेपोटी आलेला असतो, पण चुकतो. दूध पचत नसेल तरी चुकतो आणि दुधाची ॲलर्जी असेल तरी चुकतो, फक्त कारणं निराळी. लॅक्टोज ही दुधातली साखर शेळीच्या दुधातही जवळजवळ तेवढीच असते, त्यामुळे ज्याला गाईचं पचत नाही त्याला तेही पचत नाही. आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहातल्या किमान नऊ मुलांना शेळीचंही चालत नाही. म्हशीच्या दुधाचा भरवसाही तसाच धरू नये.

आपल्या प्रश्नापुरत्या दुधात दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक लॅक्टोज, गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण पावणेपाच ग्रॅम. दुसरी प्रथिनं. त्यात सुमारे ८० टक्के केसीन, उरलेली निवळीत राहणारी, म्हणजे व्हे. लॅक्टोजचं बिनसलं तर भांडण पोटाच्या आत मिटतं. प्रथिनांवर प्रतिकारशक्ती उलटली तर त्वचा, श्वास, रक्तदाब यांपैकी काहीही अडचणीत येऊ शकतं.

आधी लॅक्टोज. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर असतं. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं आणि ते रक्तात जातात. विकर कमी असेल तर अख्खं लॅक्टोज पुढे सरकतं, सोबत पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यात पोचतं. तिथं जिवाणूंची मोठी वस्ती असते. त्यांना ही साखर म्हणजे आयतं जेवण. ते ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. पोट फुगणं, गुडगुड, वात सरणं, पातळ शौच हे सगळं त्याचंच. यातला थोडा हायड्रोजन रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, आणि निदानाची चाचणी त्यावरच उभी आहे. लॅक्टोज पाजायचं, दर थोड्या वेळानं फुंकर घ्यायची आणि त्यातला हायड्रोजन मुळापेक्षा दशलक्षात २० भागांनी वाढला की चाचणी पॉझिटिव्ह धरायची. मोठ्या आतड्यातला उद्योग असा तोंडातून मोजता येतो.

याला आजार म्हणणंही तसं जादाच आहे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज लहानपणानंतर कमी होतं. सस्तन प्राण्यांचा नियमच तो. मोठेपणीही दूध पचणं हा अपवाद, आणि तो जनुकीय बदलांतून आला. युरोपीय लोकांत जो बदल आढळतो तोच भारतातही आढळतो. वायव्य भारतात त्याचं प्रमाण जास्त आहे आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे येताना ते घटत जातं. पंजाबी मित्र पितळी पेला भरून दूध रिचवतो आणि आपल्याला अर्ध्या पेल्यावर गुडगुडतं, यात लाजण्यासारखं काही नाही.

शिवाय ज्यांना पचत नाही त्यांनाही थोडं पचतंच. बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे जवळपास एक कप दूध, विशेष त्रास न होता चालतं, त्यातही जेवणासोबत घेतलं तर. म्हणून चहातल्या दोन चमचे दुधावर खापर फोडण्यात अर्थ नसतो. आणि रोज थोडं थोडं घेत राहिलं तर एक-दोन आठवड्यांत मोठ्या आतड्यातले जिवाणूच बदलतात. लॅक्टोज खाऊन फार वायू न करणारे बिफिडोबॅक्टेरियम वाढतात. ज्यांच्यात लॅक्टेज टिकत नाही त्यांच्या आतड्यात हे जिवाणू जास्त सापडतात, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यांचं लॅक्टेज काही परत येत नाही, पण जिवाणू बरंचसं काम निभावून नेतात.

जुलाबाच्या साथीनंतर येणारी तक्रार आणखी वेगळी. आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं, लॅक्टेज तात्पुरतं गेलेलं असतं, आणि काही आठवड्यांत ते भरून येतं. तेवढ्यावरून जन्मभर दूध बंद करणारे लोक आहेत.

आता ॲलर्जी. इथं लॅक्टोजचा काही संबंध नाही. शरीर केसीन किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारख्या प्रथिनाला शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, छातीत सूं सूं वाजू लागतं. सगळ्यात वाईट प्रसंगी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे श्वास आणि रक्तदाब अडचणीत आणणारा जीवघेणा झटका, येतो, आणि त्यावर औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. खाज कमी करायच्या गोळीनं ते काम होत नाही.

ॲलर्जीचा दुसरा प्रकार संथ असतो आणि त्यात आयजीई नसते. तान्ह्या बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेघा दिसणं हा त्यातला नेहमीचा. लक्षणं काही तासांनी किंवा दिवसांनी येतात, बहुतेक पोटातलीच, आणि गोंधळ सर्वात जास्त इथंच होतो. पोट बिघडलं म्हणजे लॅक्टोज, असं धरून चालतात.

तान्ह्या बाळात हा गोंधळ सोडवायची एक सोपी खूण आहे. आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे सात ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ जास्त. बाळ ते पचवायच्या तयारीनंच जन्माला येतं. जन्मतःच लॅक्टेज नसणं अतिशय दुर्मीळ. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला लॅक्टोज पचत नाही हे निदान कुणी झटकन केलं तर थोडं थांबून विचारावं. आईनं दूध-दही सोडलं म्हणून तिच्या दुधातलं लॅक्टोज कमी होत नाही, ते तिच्या स्तनातच तयार होतं. पण तिनं प्यायलेल्या दुधातली प्रथिनं अंशतः तिच्या दुधात उतरतात. म्हणजे आईनं दूध सोडल्यावर बाळाचा त्रास थांबला तर संशय ॲलर्जीवर जातो, लॅक्टोजवर नाही. आणि दोन्हीतलं काहीही असलं तरी अंगावरचं दूध तोडायचं नसतं.

जिवाणू या दोन्ही गोष्टींत आहेत, आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तो भाग हाच. दूध न पचण्यात ते शेवटी येतात, उरलेलं खाऊन वायू करतात. ॲलर्जीत ते आधी येतात, प्रतिकारशक्ती घडत असते त्या दिवसांत. आतड्याच्या भिंतीलगत टी-रेग नावाच्या पेशी असतात. अन्नावर चवताळू नका, हा इशारा बाकीच्या पेशींना देणं हे त्यांचं काम. काही जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून ब्युटिरेट नावाचं छोटं मेदाम्ल बनवतात. त्यामुळे टी-रेग वाढतात आणि आतड्याचं अस्तरही घट्ट राहतं. अस्तर सैल असेल तर प्रथिनांचे मोठे तुकडे रक्तात घुसतात.

२०१९ साली शिकागो विद्यापीठातल्या कॅथरिन नॅगलर यांच्या गटानं हे थेट दाखवलं. इटलीतली काही निरोगी बाळं आणि दुधाची ॲलर्जी असलेली काही बाळं घेतली, आणि त्यांच्या विष्ठेतले जिवाणू अजिबात जिवाणू नसलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. निरोगी बाळांचे जिवाणू मिळालेले उंदीर दुधाच्या प्रथिनाला तोंड देऊन सुखरूप राहिले. ॲलर्जीवाल्या बाळांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांना ॲनाफिलॅक्सिस झाला. संरक्षण देणाऱ्यांत ब्युटिरेट बनवणारा अ‍ॅनेरोस्टायपिस काकी हा जिवाणू उठून दिसला.

पण उंदीर ते उंदीर. यावरून मेडिकलमधून प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जिवाणूंची, पुडी आणली आणि मुलाची ॲलर्जी गेली असं होत नाही; दुधाच्या ॲलर्जीवर उपचार म्हणून मान्य झालेली अशी कोणतीही पुडी आज नाही. आईच्या दुधातल्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या असतात बिफिडोबॅक्टेरियमसाठी, ही जास्त पक्की गोष्ट आहे. पुढे ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी यांतलं तंतुमय अन्न ब्युटिरेट करणाऱ्यांना पोसतं. एवढं केल्यानं ॲलर्जी होणारच नाही अशी हमी कुणी देऊ नये, मीही देत नाही.

स्वयंपाकघरात या दोन गोष्टींचे रस्ते पार उलट जातात. पनीर घ्या. दूध नासवून निवळी काढून टाकली की बरंचसं लॅक्टोज तिच्यासोबत जातं आणि उरतं ते दाटलेलं केसीन. लॅक्टोज न पचणाऱ्याला पनीर सहसा चालतं. ॲलर्जीवाल्याला ते दुधापेक्षाही वाईट. श्रीखंडाचं तसंच. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की खाली ठिबकणाऱ्या पाण्यात लॅक्टोज वाहून जातं, आणि चक्का हलका होतो. उलट बासुंदी, खवा, पेढा यांत दूध आटवतात, पाणी उडतं, लॅक्टोज तिथंच राहतं. बासुंदीच्या दोन वाट्यांनी ज्याची रात्र खराब होते तो श्रीखंड खाऊन निवांत झोपू शकतो.

दह्यात आणखी एक मेख आहे. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात, आणि स्वतःसोबत लॅक्टोज तोडणारं विकर घेऊन पोटात उतरतात. जिवंत जिवाणूंच्या दह्यामुळे लॅक्टोज पचायला मदत होते, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही २०१० मध्ये मान्य केला. ताकाला हे लागू, कढीला मात्र नाही. उकळीत जिवाणू मरतात आणि विकरही जातं. ॲलर्जीवाल्याला ताक आणि कढी दोन्ही सारखीच वर्ज्य, कारण आंबवल्यानं किंवा उकळल्यानं केसीन जागचं हलत नाही.

तुपाकडे बघा. लोणी कढवलं की वर तूप आणि तळाला बेरी. तुपात लॅक्टोज जवळपास शून्य. पण बेरी म्हणजे करपलेली प्रथिनंच, आणि घरच्या तुपात तिचे कण राहतात. साखर घालून बेरी खाणारं घर असेल तर ॲलर्जी असलेल्या मुलाचा हात त्या भांड्यात जाऊ देऊ नये.

लॅक्टोज-फ्री दुधाच्या पाकिटात प्रथिनं सगळी असतात, फक्त साखर आधीच फोडलेली असते. ॲलर्जीवाल्यानं ते विकत आणणं धोक्याचं. ए-टू दूध हे तर तिसरंच प्रकरण. त्यात बीटा-केसीनचा एक प्रकार बदलतो, लॅक्टोज तेवढंच राहतं आणि ॲलर्जीला फरक पडत नाही. दुप्पट पैसे मोजून दोन्हींपैकी एकही प्रश्न सुटत नाही.

एका जागी मात्र साखर आणि प्रथिन एकत्र येतात. दम्यासाठी कॅप्सूल फोडून ओढायच्या पावडरीत लॅक्टोज भरण म्हणून वापरतात, आणि त्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. तीव्र ॲलर्जी असलेल्यानं डॉक्टरांना हे विचारून घ्यावं. लॅक्टोज न पचणाऱ्याला एवढ्याशा लॅक्टोजनं काही होत नाही.

चाचण्यांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. रक्तात आयजीई सापडली म्हणजे ॲलर्जी झाली असं नव्हे. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई होती, पण अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती जेमतेम १.२ टक्क्यांत. आणि शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या 'फूड इन्टॉलरन्स' चाचण्या आयजीजी नावाची वेगळीच प्रतिपिंडं मोजतात. ती आपण काय खातो तेवढंच सांगतात. त्या यादीवरून मुलाचं दूध, गहू, अंडं सगळं एकदम बंद करणं हा त्याच्या वाढीवरच घाला.

मग करायचं काय? लॅक्टोजचा संशय असेल तर दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम थांबवून पाहावं, मग अर्ध्या कपापासून परत सुरू करावं आणि आपली मर्यादा शोधावी. कॅल्शियमसाठी दही, नाचणी आणि तीळ आहेतच. पण दूध प्यायल्यावर गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास एकदा जरी झाला असेल, तर 'थोडं देऊन बघू' हा प्रयोग घरी करायचा नाही. तो दवाखान्यात, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून, डॉक्टरांच्या देखत होतो. केकमध्ये भाजलेलं दूध चालतं का, तेही तिथंच पाहतात. अशा मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ते चालतं, आणि त्यांची ॲलर्जी बहुधा लवकर जाते. बाकीच्यांचीही शाळेच्या वयात बऱ्याचदा जाते, म्हणून ही तपासणी अधूनमधून पुन्हा करावी लागते.